रात्री अकराला माझ्या मुलीचे ओठ निळे का पडले? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

घट बसायच्या आधी घर झाडायला काढलं होतं. शनिवारी दुपारी 4 वाजता माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या आणि दहा मिनिटांत माझ्या मुलीच्या छातीतून शिट्ट्या वाजायला लागल्या. ती आठवीत आहे, दमा जुना आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मशीन लावून वाफ दिली. तिला बरं वाटलं, साडेसहाला घरी सोडलं. रात्री 11 ला तिचे ओठ निळे पडले. जिल्ह्याच्या गावाला पोचेपर्यंत जीपमध्ये मी तिला छातीशी उभी धरून होते. प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या.

वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने पहाटे मला कागदावर चित्र काढून समजावलं. गोधडीच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. त्यांच्या विष्ठेचा कण श्वासात जातो. दम्याच्या अशा पोरांच्या शरीराने त्या कणाला आधीच वैरी ठरवलेलं असतं. शरीराच्या रक्षक बी पेशींनी बनवलेली आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे वैऱ्याला ओळखून पकडणारी प्रथिनं, श्वासनळीतल्या मास्ट नावाच्या पेशींवर चिकटून वाट बघत असतात. कण आला की त्या पेशी मिनिटांत हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, नळी आवळते. दवाखान्यात दिली ती साल्बुटामोल औषधाची वाफ आवळलेले स्नायू सैल करते, पण तेवढंच. टी पेशी याही रक्षक पेशीच, त्यांच्या हाकेवर इओसिनोफिल नावाच्या पेशी चार ते आठ तासांनी गोळा होतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. 4 वाजता गोधडी, 11 वाजता निळे ओठ. हिशोब तंतोतंत जुळतो.

ही सूज दबून राहते ती रोज ओढायच्या बुडेसोनाइड औषधाच्या पंपाने. तो आमच्या दवाखान्यात फेब्रुवारीपासून नाही. केसपेपरवर 'बाहेरून आणा' लिहून देतात. मी शिवणकाम करते. ऑगस्टपासून मी तिला पंप एक दिवसाआड देत होते. आईला असं मोजून मोजून औषध द्यायला कुणी लावलं, साहेब?

15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत, ही घोषणा तुमच्याच सरकारची. औषध 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे. बारा वर्षांपुढच्या रुग्णाला नुसत्या साल्बुटामोलवर ठेवू नका, हे दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगताहेत. जगातले 13 टक्के दमेकरी भारतात, पण दम्याने मरणाऱ्यांत आपले 40 टक्क्यांच्या वर. आपली माणसं औषधावाचून मरतात आणि तुमच्याकडे फायली फिरतात. विचारलं की मागणी पाठवली म्हणतात, मग निविदा, मग आचारसंहिता. नव्या इमारतीची फीत मात्र वेळेवर कापली जाते. त्या इमारतीत औषधाचं कपाट रिकामं असेल तर ती कुणासाठी बांधली?

तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात बुडेसोनाइडचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) बारा महिने ठेवा. वाफ दिलेल्या मुलाला पुढच्या आठ तासांचा धोका सांगितल्याशिवाय घरी पाठवू नका.

गुरुवारी मी केसपेपर घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर उभी राहणार आहे. आता घरातल्या पंपात सहा फवारे उरलेत.

एक आई