टीव्ही बदलू नका, आधी एवढं करून बघा

ती. बाबा आणि ती. आई,

सा. न.

बाबा, टीव्ही खराब झालेला नाही. नवा घ्यायचा विचार सोडा, आणि ती महागडी केबलही मागवू नका. फोनवर तुम्ही दोघांनी तीन गोष्टी सांगितल्या: जुने चित्रपट मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात, अंधारातले प्रसंग काही केल्या कळत नाहीत, आणि आईचे डोळे तासाभरात थकतात. तिन्हींचं मूळ बहुतेक सेटिंगमध्ये आणि खोलीतल्या उजेडात आहे. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र घेऊन टीव्हीसमोर बसा आणि एकेक करून बदलत जा. एकदम सगळं बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पहिलं काम पिक्चर मोडचं. तुमच्याकडे तो ‘व्हिव्हिड’ नाहीतर ‘स्टँडर्ड’वर असणार. असले मोड दुकानाच्या लखलखाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा म्हणून केलेले असतात. त्यात रंग भडक होतात, पांढरा निळसर होतो आणि माणसांच्या चेहऱ्यांना मेणासारखी तकाकी येते. तो बदलून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’ करा. यातला फिल्ममेकर मोड टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या ‘यूएचडी अलायन्स’ या संघटनेने २०१९ साली जाहीर केला. टीव्हीने चित्रात स्वतःची भर घालू नये, दिग्दर्शकाने जे केलं ते तसंच दाखवावं, एवढाच त्याचा हेतू आहे, आणि मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन अशा दिग्दर्शकांनी त्याला पाठिंबा दिला होता.

मोड बदलल्यावर चित्र पिवळट आणि मंद वाटेल. बाबा, तुम्ही लगेच पुन्हा व्हिव्हिड लावाल हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते: थोडे दिवस थांबा. स्टुडिओतल्या ज्या मॉनिटरवर चित्रपटाचे रंग ठरवतात, त्याचा पांढरा ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाची रंगछटा मोजायचं माप) आसपास असतो. सिनेमा मोड त्याच्या जवळ जातो, स्टँडर्ड मोड त्याहून बराच निळा असतो. डोळ्यांना निळ्याची सवय झालेली असते म्हणून खरा पांढरा पिवळा भासतो. सवय मोडली की जुनं चित्र डोळ्यांना बोचायला लागतं.

आणखी एक लक्षात ठेवा. पुष्कळ टीव्हींमध्ये हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं असतं, आणि साध्या चित्राला, एचडीआरला (म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राला), डॉल्बी व्हिजन या त्याच्याच एका प्रकाराला पुन्हा वेगवेगळं. म्हणजे सेट-टॉप बॉक्सवर बदललंत तरी डिस्क प्लेअरवर जुनंच राहील. ‘सर्व इनपुटना लागू करा’ अशा अर्थाचा पर्याय मेनूत दिसला तर तो निवडा. एचडीआरचा चित्रपट चालू असताना मात्र एकदा पुन्हा मोड तपासा.

आई, आता तुझ्याबद्दल. तुझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बाबांचं नाही. त्यामुळे एकाच पडद्यावरून तुमचे वाद होतात आणि दोघांचंही खरं असतं. वय वाढतं तशी डोळ्याची नैसर्गिक लेन्स पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. ती काढून कृत्रिम लेन्स बसवली की सगळं अचानक निळसर, झगझगीत दिसायला लागतं, आणि मेंदू हळूहळूच त्याच्याशी जुळवून घेतो. तेव्हा ‘रंग बिघडलेत’ असं तुला वाटलं तरी रंगांची बटणं फिरवू नका. तुझ्यासाठी केलेला बदल बाबांना चुकीचा दिसेल आणि बाबांसाठी केलेला तुला. रंग ‘वॉर्म’, म्हणजे किंचित पिवळट, ठेवा, तुम्हा दोघांनाही तेच बरोबर आहे.

उजेडाचं मात्र तुमच्या डोळ्यांप्रमाणेच ठरवायला हवं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि लेन्स दाट होते. मला पुरेसं वाटणारं चित्र तुम्हाला अंधुक वाटणं स्वाभाविक आहे. तेव्हा ‘बॅकलाइट’ खुशाल वाढवा, ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा) असेल तर ‘पिक्सेल ब्राइटनेस’. तुम्ही आजवर ‘ब्राइटनेस’ वाढवत आलात, पण बऱ्याच टीव्हींवर त्याने उजेड वाढत नाही, काळ्याची पातळी वर जाते आणि काळा राखाडी होतो. काही कंपन्यांच्या टीव्हीत ब्राइटनेस म्हणजेच बॅकलाइट असतो. ओळखायची खूण अशी: ते वाढवल्यावर काळे केस, काळा कोट धुरकट व्हायला लागले, तर तुम्ही चुकीच्या बटणावर आहात, मूळ जागी आणा. आणि ‘पॉवर सेव्हिंग’ किंवा ‘इको’ बंद करा. टीव्ही आपोआप मंद होतो तो बहुतेक त्यामुळेच.

अंधारातले प्रसंग कळत नाहीत याचं कारण वेगळं आहे. साधं चित्र १०० निट (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेडाच्या मॉनिटरवर तयार होतं आणि आपण ते खोलीप्रमाणे हवं तेवढं वाढवतो. एचडीआरमध्ये, म्हणजे एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजनमध्ये, चित्राचा कुठला भाग किती निटचा असावा हे आकड्यांतच लिहिलेलं असतं, आणि ते आकडे अंधाऱ्या खोलीसाठी ठरवलेले असतात. दुपारी खिडकी उघडी ठेवून तो चित्रपट लावला की काळोखातले बारकावे खोलीच्या उजेडात बुडून जातात. डॉल्बी व्हिजनमध्ये बहुधा ‘ब्राइट’ आणि ‘डार्क’ असे दोन मोड असतात. दिवसा ब्राइट लावा, रात्री डार्क. आणि पडदा ओढा. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब काचेवर पडत असेल तर कुठलंही सेटिंग त्यापुढे हतबल आहे.

पण रात्री खोली पूर्ण काळीही करू नका. आईचे डोळे थकतात ते बहुधा यामुळेच: भोवती गडद अंधार, मधे एकच झगझगीत चौकोन, आणि दृश्य बदलेल तशी बाहुलीची सतत धावपळ. टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा लावा. त्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असावं. पिवळा दिवा लावलात तर चित्र निळं भासेल. भिंतीवरचा उजेड पडद्यावरच्या लख्ख पांढऱ्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा पुरे. दिवा थेट डोळ्यांत येऊ नये. या एका गोष्टीने काळा अधिक काळा वाटतो आणि डोळ्यांनाही आराम पडतो. माझं ऐका आणि बाकी काही केलं नाहीत तरी एवढं नक्की करा.

आता गुळगुळीत दिसणाऱ्या चित्रपटांचं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही दोन फ्रेमच्या मधल्या खोट्या फ्रेम स्वतः तयार करून भरतो, म्हणून हालचाल तुपावरून घसरल्यासारखी होते आणि चित्रपटाचा सगळा भारदस्तपणा जातो. मला याचा खरंच राग येतो, कारण कॅमेरामनने मेहनतीने केलेलं काम त्यात वाया जातं. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. सॅमसंगमध्ये याला ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ म्हणतात, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. चित्रपटांना बंद ठेवा. क्रिकेटला चालू असेल तर माझी हरकत नाही, बाबा, तिथे चेंडू स्पष्ट दिसतो.

शार्पनेस कमी करा. त्याने नवा तपशील येत नाही, कडांभोवती पांढरी रेघ येते तेवढीच. अक्षरांच्या कडेची ती रेघ नाहीशी होईपर्यंत खाली आणा. नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर आकाराच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा. कडा कापण्याची ती पद्धत जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हींपासून चालत आलेली आहे, आता तिचं काही काम नाही.

केबलचं सांगते. प्लेअर टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र पूर्ण येतं, नाही पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. महाग केबलने रंग खुलत नाहीत. खरी अडचण तुमच्या जुन्या रिसीव्हरची, म्हणजे स्पीकरना आवाज देणाऱ्या डब्याची, असावी असा माझा अंदाज आहे. प्लेअर त्यातून टीव्हीला जोडलेला आहे, आणि एचडीएमआय २.०ए ही आवृत्ती यायच्या, म्हणजे २०१५च्या, आधीचे बहुतेक रिसीव्हर एचडीआर पुढे सोडत नाहीत. प्लेअर थेट टीव्हीला लावायचा आणि आवाज टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टमधून रिसीव्हरला परत न्यायचा. आवाजाचा थोडा तपशील कमी होतो, संवाद ऐकायला काही फरक पडत नाही. शिवाय ज्या पोर्टला प्लेअर लावू, त्यावर पूर्ण सिग्नल घ्यायची परवानगी द्यावी लागते: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’.

आणि बाबा, तुमच्या ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या) डिस्क टाकून देऊ नका. ऑनलाइन ४के चित्रपट साधारण १५ ते २५ एमबीपीएसमध्ये (सेकंदाला किती माहिती येते त्याचं माप) येतो, ४के ब्लू-रे डिस्क १२८ एमबीपीएसपर्यंत जाते. धुकं, पाऊस, मावळतीचं आकाश असल्या दृश्यांत हा फरक स्वच्छ दिसतो. जुन्या डीव्हीडीत मुळातच चित्र कमी असतं, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. तिथे टीव्हीला दोष देण्यात अर्थ नाही.

शेवटचं खुर्च्यांचं. ५५ इंची पडद्यापासून साधारण सव्वादोन मीटरच्या, म्हणजे साडेसात फुटांच्या पलीकडे बसलं तर चांगल्या नजरेच्या माणसालाही ४के आणि फुल एचडी यांतला फरक सहसा ओळखता येत नाही. तुम्ही त्याहून पुष्कळ मागे बसता. पुढे या. आई, जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे बिघडत नाहीत, हे तुझ्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घे. दोघंही समोर बसा, कोपऱ्यात नको. बऱ्याच एलसीडी पडद्यांवर बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात.

मोड, मोशन आणि मागचा दिवा, एवढं याच आठवड्यात करा. मेनूत कुठे अडलात तर त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, मी लगेच सांगेन. रिसीव्हर मात्र तुम्ही हलवू नका बाबा, तो जड आहे आणि मागे वाकून केबल काढताना कंबर धरेल. ते काम मी आल्यावर करू.

तुमची लेक