वायसर सापडला

कोल्हापूर, शनिवार रात्र

प्रिय टर्नर,

दिवाळीत तू म्हणालास, पत्र लिही की कधीतरी. लिहिलं नाही, चुकलं. आज लिहितोय, कारण हे फोनवर सांगायला गेलो असतो तर निम्म्यातच आवाज बसला असता. शिवाय एक आकृती काढून दाखवायची आहे. तब्येत ठीक, गुडघा सोडून.

वायसर सापडला.

कुठला, ते तुला सांगायला नको. नव्याण्णवच्या अपघातातला, तोच. मिस्त्रींच्या धाकट्यानं आपली जुनी सुतारकामाची शेड विकली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. रंधा मशीन आणि बँडसॉ कुणी आधीच उचलून नेलं होतं. आपली विलायती स्पिंडल मशीन, लाकडाच्या कडेला गलते म्हणजे नक्षी पाडणारी, मात्र भंगाराच्या टेम्पोत चढत होती, बिडाचं लोखंड म्हणून, किलोच्या भावानं. मी टेम्पोपुढं उभाच राहिलो. अठ्ठावीस हजार मोजले. घरी हा आकडा ठाऊक नाही, वहिनींपाशी बोलू नकोस, त्यांचा आणि आमच्या घरचा रोज फोन असतो.

गेल्या आठवड्यात मशीनचं टेबल उतरवलं. खाली भुशाचा थर तेलानं दगड झालेला. पटाशीनं खरवडताना ठण्ण वाजलं. वायसर! आतली जीभ मुळापासून तुटलेली. मग कंदील धरून स्पिंडलच्या दांड्याची खाच बघितली, तर जिभेचा तुकडा तिथंच रुतलेला. म्हणजे तू वायसर घातला होतास. जिभेसकट, खाचेत बसवून.

१९९९ पासून मी काय म्हणत आलो? टर्नर वायसर विसरला, म्हणून पाती आवळणारा नट सुटला. माझ्या कपाळाला टाके घालत होते तेव्हा दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणालो. मिस्त्रींच्या समोर म्हणालो. तू एकदाच म्हणालास, "घातला होता," आणि दोन महिन्यांत भोसरीला गेलास. चांगली नोकरी मिळाली म्हणून गेलास, असं आपण दोघंही जगाला सांगत आलो. मिस्त्रींनी त्या दिवशी मशीनवर ताडपत्री टाकली ती शेवटपर्यंत काढली नाही, म्हणून तो तुकडा तिथं राहिला. ते असते तर आज मी आधी त्यांच्याकडं गेलो असतो.

त्या रात्रभर डोक्यात तेच. आदल्या दिवशी मीटरपाशी वायरिंगचं काम झालं होतं, आठवतं? तीनातल्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी. सरळ फिरताना नट मागं राहतो, म्हणजे स्वतःच आवळला जातो. उलट्या झटक्यात तोच सुटतो. त्याला अडवायला एकटी ती जीभ, आणि ती तुटली. तुझा दोष नव्हता. माफी हा शब्द आपल्यात कधी वापरला नाही, आज वापरतो. मला माफ कर.

आता मशीन चालू करायची आहे, आणि तिथंच अडलोय. उद्यमनगरात चार ठिकाणी फिरलो. बेअरिंग काढली तर दोन्ही इंची निघाली. आत २५.४, बाहेर ५७.१५, म्हणजे आरएलएस ८ नंबरची इंची बेअरिंग. जो तो म्हणतो मिलिमीटरची ६२०५ घाल, कुठंही मिळते. मिळते, पण तिचं बाहेरचं माप ५२. मग अडीच मिलिमीटरची बुश ठोकायची आणि स्पिंडल २५ वर ग्राइंड करून घ्यायचा. सात हजार फेऱ्यांनी पाती फिरणार, बुश जराशी तिरकी बसली तरी गलत्यावर लाटा उठतील. आणि एकदा ग्राइंड केलेला स्पिंडल पुन्हा जाड होत नाही. तू असतास तर माझ्यावर खेकसला असतास. तुझं ते "इंचाला इंच, मिलिमीटरला मिलिमीटर" आणि माझं "दोन सूत इकडं-तिकडं चालतंय", यावर आपण किती चहा थंड केले! इडलीलाही व्हर्नियर लावणारा माणूस तू. या वेळी तुझं ऐकलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली, नागदेवीच्या बाजारात दिवसभर पायपीट केली, आणि एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून मेणकागदात गुंडाळलेली आरएलएस ८ काढून दिली. एकच. दुसरीसाठी पुढच्या महिन्यात बोलावलंय.

नटाची गोष्ट त्याहून वाईट. पाऊण इंच, इंचाला दहा आटे. बाजारातला यूएनसीचा, म्हणजे अमेरिकी आट्याचा नट बोटानं सरसर चढला. दुकानदार खूश, मीही खूश. पण तूच शिकवलेलं आठवलं, म्हणून साठ अंशांचा गेज स्पिंडलच्या आट्यांवर लावून उजेडापुढं धरला. फट दिसली. विलायती आटा पंचावन्न अंशांचा, यूएनसीचा साठचा. दहाला दहा जुळतात, म्हणून नट चढतो, पण अंगाला अंग लागत नाही. असला नट त्या स्पिंडलवर मी लावणार नाही.

तर तो नट तू कर. वायसरही तूच कर. तुझ्या सीएनसीवर नको, लेथवर. ईएन २४ पोलाद घेऊ ना? मागच्या पानावर आकृती आहे, मापं तीनदा घेतलीत. जिभेची जाडी मोकळी सोडली आहे, तेवढं तू ठरव. बाकी रिंगा आणि लाकूड टेकवायच्या गाइडचा अर्धा भाग मी इथं बघतो, बाभळीच्या लाकडाचाही चालेल.

लेकीची बारावी कशी चाललीय? तुझ्या आईंचं ऑपरेशन नीट झालं, हे दुसऱ्याकडून कळलं, वाईट वाटलं. त्यांना नमस्कार.

तुटका वायसर पोस्टानं पाठवत नाही, तुझ्या हातातच द्यायचा आहे. गणपतीला ये. येताना तुझा पंचावन्नचा गेज आण, इथं कुणाकडं नाही.

तुझा,
सुतार