ब्लोअरच्या चुकीच्या निदानापोटी घेतलेल्या रकमेच्या परताव्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : गाडीतील ब्लोअरचा (हवा फेकणाऱ्या पंख्याचा) वेग कमी करणारा रेझिस्टर न तपासता त्याचे स्विच पॅनेल बदलल्याबद्दल आणि न बदललेल्या एसी फिल्टरचे पैसे घेतल्याबद्दल.

महोदय,

आपल्या कंपनीची पेट्रोल हॅचबॅक मी 2019 साली घेतली असून तिचे प्रत्येक काम आजवर आपल्या साताऱ्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घेत आलो आहे. गेल्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ब्लोअरचा नॉब 1, 2 किंवा 3 वर ठेवला तर हवाच येईना. 4 वर नेला की मात्र पंखा पूर्ण जोराने फिरे. पावसाळ्याचे दिवस होते. पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढायच्या वेळी ब्लोअर बंद ठेवावा तर समोरची काच आतून धुरकट होई आणि 4 वर ठेवावा तर शेजारी बसलेली माझी 78 वर्षांची आई गारठून शाल डोक्यावरून ओढून घेई.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली तेव्हा हीच लक्षणे मी सांगितली आणि ती जॉबकार्डवर जशीच्या तशी लिहूनही घेतली गेली. संध्याकाळी फोन आला की स्विच पॅनेल गेले आहे आणि ते बदलावे लागेल. मी संमती दिली. पॅनेलचे 6,840 रुपये आणि मजुरीचे 1,200 रुपये भरून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोष जिथल्या तिथे. परत नेल्यावर मला सांगण्यात आले की आता ब्लोअर मोटर बदलून पाहावी लागेल, त्यासाठी डॅशबोर्ड काढावा लागेल आणि खर्च चौदा-पंधरा हजारांच्या घरात जाईल. ‘बदलून पाहावी लागेल’ हे त्यांचेच शब्द आहेत. जी मोटर 4 वर व्यवस्थित फिरते ती खराब कशी, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

मी स्वतः वीज मंडळातून निवृत्त झालेलो असल्यामुळे मला राहवले नाही. घरी येऊन ग्लव्हबॉक्स उतरवला तेव्हा ब्लोअरशेजारी, हवेच्या मार्गातच, दोन स्क्रूंनी बसवलेला रेझिस्टर सापडला. या रचनेत 4 वर मोटरला प्रवाह थेट मिळतो, तर खालच्या तिन्ही वेगांना तो रेझिस्टरच्या वेटोळ्यांतून जातो. ती वेटोळी तापतात म्हणून त्यांना वाहत्या हवेत बसवलेले असते आणि मर्यादेपलीकडे तापली तर त्यांच्यासोबतचा थर्मल फ्यूज तुटतो. तो तुटला की तिन्ही वेग एकदम जातात आणि चौथा तेवढा उरतो. माझ्या जॉबकार्डवर लिहिलेले लक्षण शब्दशः हेच आहे. मल्टिमीटर लावला, फ्यूज तुटलेला निघाला. नवा रेझिस्टर आपल्याच कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात 640 रुपयांना मिळाला आणि तो बसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. चारही वेग सुरू झाले.

आता दुसरी बाब, जी मला पहिलीपेक्षा जास्त बोचली. तिथेच बाजूला असलेला एसी फिल्टर बाहेर ओढला तर त्याच्या घड्यांमध्ये राखाडी धुळीचा जाड थर, कडुनिंबाची वाळलेली पाने आणि एक मेलेली गांधीलमाशी निघाली. मार्चमधील सर्व्हिसिंगच्या बिलात ‘एसी फिल्टर बदलला’ म्हणून माझ्याकडून 520 रुपये घेतलेले आहेत. तीन महिन्यांत नव्या फिल्टरची अशी अवस्था होत नाही. फिल्टर असा तुंबला की रेझिस्टरवरून जाणारी हवा कमी होते आणि तो अधिक तापतो, त्यामुळे मूळ बिघाडालाही हीच हयगय कारणीभूत असावी असे माझे मत आहे.

हे सर्व मी सर्व्हिस मॅनेजरना दाखवले. ‘तुम्ही गाडी बाहेर उघडलीत, आता आमची जबाबदारी नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. काढलेले जुने पॅनेल मागितले तर ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले, वास्तविक ते चांगले होते आणि माझ्या मालकीचे होते.

माझी मागणी अशी आहे की पॅनेल, त्याची मजुरी आणि फिल्टर मिळून 8,560 रुपये मला परत मिळावेत. रेझिस्टरचे 640 रुपये मी मागत नाही, कारण तो भाग खरोखरच बदलायला हवा होता. मात्र जुन्या रेझिस्टरच्या प्लगची एक पिन तापून तपकिरी पडलेली दिसली, म्हणून मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढते आहे का, हे आपल्या तंत्रज्ञाने मीटर लावून विनामूल्य तपासावे आणि आलेला आकडा जॉबकार्डवर लिहून द्यावा.

दोन्ही बिलांच्या व जॉबकार्डच्या प्रती आणि फिल्टरची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. फिल्टर आणि जळालेला रेझिस्टर मी पिशवीत जपून ठेवले आहेत. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन, याची कृपया नोंद घ्यावी.

कळावे,
आपला ग्राहक,
सातारा