एक लाखाची फी आणि दहा एमबीची पीडीएफ : वाणिज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पीयूष गोयल साहेब, नमस्कार.

मी ट्रेडमार्कची कामं करतो, क्लायंट बहुतेक छोटे, मसालेवाले, फरसाणवाले, आयुर्वेदिक तेलवाले. त्यातल्या एकाच्या मसाल्याचं नाव धुळे-जळगावात पोराटोरांना पण पाठ आहे आणि आता त्याच नावाने कोणीतरी अगरबत्ती विकायला लागलाय. रजिस्ट्रेशन मसाल्याचं आहे, अगरबत्ती पडली दुसऱ्या क्लासमध्ये, म्हणजे मालाच्या दुसऱ्या वर्गात, म्हणून मसालेवाला म्हणाला आपलं नाव 'वेल-नोन'च्या, म्हणजे दुसऱ्या मालावरही संरक्षण मिळणाऱ्या प्रसिद्ध नावांच्या, सरकारी यादीत टाकून घेऊ.

कायदा तसा चांगला आहे हो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११ म्हणतं की नाव अख्ख्या देशाला माहीत असायची गरजच नाही, माल घेणारे, डीलर, त्या धंद्यातली माणसं, यातल्या एका वर्गाला माहीत असलं तरी चालतं. पण २०१७ च्या नियम १२४ खाली अर्ज करायला गेलं की फी सरसकट एक लाख! साध्या रजिस्ट्रेशनला छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४,५०० आणि मोठ्या कंपनीला ९,०००, मग इथेच सवलत का नाही? कोर्टाने वेल-नोन ठरवलं तरी यादीत यायला फी भराच, दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये टाटांच्या 'विस्तारा' विमान कंपनीच्या केसमध्ये हेच सांगितलं. टाटांना लाखाचं काय.

फी भरली समजा, पुरावा कुठून आणायचा? मागतात टर्नओव्हर, जाहिरातीचा खर्च, आधी जिंकलेल्या केसेस. आमच्या माणसाची जाहिरात म्हणजे एसटी स्टँडजवळची रंगवलेली भिंत आणि जत्रेतला माइक, त्याचं बिल कोण ठेवतं? केस तर कधी केलीच नाही, वकिलाला द्यायला पैसे नव्हते. जिंकलेली केस ही सक्तीची अट नाही, कायद्यात तो विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे एवढंच, पण फाईलमध्ये ती नसली की फाईल फिकी दिसते हे आम्हाला कळतं.

तर दोन गोष्टी करा. छोट्या उद्योगाला फी कमी करा. आणि डीलर-दुकानदारांची प्रतिज्ञापत्रं, तालुक्याच्या पेपरातली कात्रणं, जुनी पाकिटं यांना वजन द्या असं रजिस्ट्रीला, म्हणजे ट्रेडमार्कच्या सरकारी ऑफिसला, स्पष्ट लिहून कळवा, मुख्य ऑफिस मुंबईतच आहे, तुमच्या घरचंच म्हणायचं.

आणि हो, सगळा पुरावा मिळून दहा एमबीत बसवा हे रजिस्ट्रीच्या २०१७ च्या नोटिशीतलं कलम. तीन पिढ्यांची कागदपत्रं स्कॅन करून बघा एकदा. फीसाठी नियम बदलावे लागतील, मान्य, याला तर नुसती नवी नोटीस पुरते.

आपला,
एक ट्रेडमार्क एजंट, जळगाव