बिशप ऑकलंडच्या मैदानावरील त्या दोघांचे आभार

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील बिशप ऑकलंड हा १८८६ साली स्थापन झालेला लहान गावचा फुटबॉल क्लब. हौशी संघांचा एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) करंडक त्याने विक्रमी १० वेळा जिंकला आणि १९५८च्या म्युनिक विमान अपघातात मँचेस्टर युनायटेड या बड्या क्लबाचे अनेक खेळाडू दगावल्यावर त्याच्या मदतीला आपले तीन खेळाडू पाठवले. या क्लबाचा इतिहास टिपण्यासाठी मी गेल्या हिवाळ्यात तिथे गेलो, तेव्हा मैदानाबाहेर पावसात पाय घसरला आणि चार महिन्यांच्या टिपणांची वही डबक्यात पडली. शाईच्या पेनाने लिहिण्याचा हट्ट माझाच, त्यामुळे दोष कुणाला देणार?

फाटकावरच्या एका वयस्क स्वयंसेवकांनी मला हात देऊन उठवले. चहाच्या खिडकीतल्या बाईंनी वही घेतली, पानापानांत कागदी रुमाल घातले, ती गरम बंबाशेजारी उभी केली आणि गिऱ्हाइके सांभाळत ओले रुमाल बदलत राहिल्या. १९५४च्या अंतिम सामन्याचे पान मात्र पार पुसले गेले होते. ते त्या गृहस्थांनी, समोर सामना सुरू असताना त्याकडे पाठ करून, मला नव्याने सांगितले: शेजारच्या क्रुक टाउनशी वेम्ब्लीवर २-२, न्यूकॅसलला पुन्हा २-२ आणि शेवटी मिडल्सब्रोला ०-१. एवढे करंडक जिंकलेल्या क्लबाचा माणूस हा पराभव इतक्या मायेने सांगतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

निघताना बाईंनी वही पावाच्या कोऱ्या पिशवीत गुंडाळून दिली. बसच्या घाईत दोघांची नावे विचारायची राहिली, म्हणून त्यांचे मनःपूर्वक आभार इथे मानतो.