घळीतली वाट

कन्नड, श्रावण

प्रिय संज्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या एकदमच घाल. माझी साखर गोळीवर, आई तशीच.

घोर वेगळाच लागलाय. पितळखोऱ्याच्या वरून पाटणादेवीला उतरणारी आपली घळीतली वाट ट्रेकवाल्या पोरांना हवीय. अण्णांनीच त्यांना सांगितलं, आपल्या दोघांनाच माहीत म्हणून. परवानगी काढतो, मोबाइलवर वाट आखतो आणि सगळ्यांसाठी टाकतो, म्हणतात पोरं. रविवारी मी पुढं चालायचं.

परवा धारेपर्यंत जाऊन आलो. आपल्या बाजूनं डोंगर चढतोय हे कळतच नाही, आणि एकदम जमीन संपते. खाली सगळा खानदेश. सर नाही का शिकवायचे, इकडचं पाणी शिवनेतून गोदावरीला, कड्यापलीकडचं गिरणेतून तापीला. तू मध्येच उभा राहून दोन्हीकडं... असो, बायको वाचते पत्र.

१९८६ ला गौताळा अभयारण्य झालं तेव्हा तूच म्हणालास, गुरं कमी होतील, ढोरवाटा मोडतील. मोडल्या. घाणेरी माजलीय. आपली सालईही पडली. तिच्या डावीकडून वळायचं की उजवीकडून, हे भांडायला आता खूणच उरली नाही. (डावीकडून.)

पोरं चांगली आहेत रे. पण मोबाइलवर नुसती रेघ दिसते. गवताखालचे सुटे दगड, शेवाळलेला कातळ, अर्ध्यात ती उडी, जिथून उतरता येतं पण परत चढता येत नाही, हे रेघेत कुठून येणार? कड्याला आग्या मोहोळं लटकलेली, आणि मागून येणारे स्पीकर लावून येणार. नाही म्हणावं, तर स्वतःच शोधायला घुसतील, तेही ऐन पावसात. यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ २०२१ ला एवढा चालत गौताळ्यात आला, त्याला कुणी रेघ आखून दिली होती? पण तो वाघ आहे, आणि ही दहावी-बारावीची पोरं.

मला वाटतं, धारेपर्यंत न्यावं, उडीची जागा वरून दाखवावी आणि उतरायचं ते दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर. वाट टाकायची नाही, ही अट. तुझ्याशिवाय ठरवणं बरं वाटत नाही, अर्धी वाट तुझी आहे.

नातू झाला म्हणे, पेढे पोचव. घराचं काम उरकलं का? वहिनींना नमस्कार.

शनिवारपर्यंत फोन कर. उजवीकडून म्हणणार असशील तर करू नकोस.

तुझा,
दिन्या