सवाईच्या तारखा विदर्भातही वेळेवर कळाव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे वृत्तान्त दर डिसेंबरात आपल्या विदर्भ आवृत्तीतही छापून येतात आणि कोणी कोणता राग मांडला, मंडप कसा भरला होता, हे आम्ही दुसऱ्या दिवशी चवीने वाचतो. मात्र महोत्सव कोणत्या तारखांना आहे आणि कोणत्या दिवशी कोण गाणार आहे, हे खेड्यातल्या श्रोत्याला जाण्याची तयारी करता येईल इतक्या आधी क्वचितच वाचायला मिळते. त्यासाठी हे पत्र.

आम्ही धामणगाव रेल्वे तालुक्यातील एकाच भजनी मंडळातले चौघे. गुरुकुंज मोझरी जवळच असल्याने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर आमचा कान घडला, ख्यालाची, म्हणजे शास्त्रीय गायनाची, गोडी नंतर आकाशवाणीने लावली. पं. वसंतराव देशपांडे यांचा जन्म आमच्याच वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा, तेव्हा खेड्यातल्यांना शास्त्रीय संगीत कशाला, असे निदान आम्हाला तरी कोणी विचारू नये.

बुधवार ते रविवार असे पाचही दिवस घर सोडणे शेतकऱ्याला जमत नाही. डिसेंबरात पऱ्हाटीत (कपाशीत) वेचणी चालू असते, तुरीवर लक्ष ठेवावे लागते, गहू-हरभऱ्याला ओलित द्यायचे असते, आणि कृषिपंपाच्या विजेची पाळी नेमकी रात्रीची आली तर बांधावर भरवशाचे माणूस उभे करूनच निघावे लागते. म्हणून आम्ही गुरुवारी दुपारी धामणगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघतो, शुक्रवारी पहाटे पुण्यात उतरतो आणि तीन दिवस गाणे ऐकून सोमवारी दुपारपर्यंत गावी परततो.

एवढ्यासाठीसुद्धा तारीख आधी कळावी लागते, कारण ती दरवर्षी सरकते. 2023 मध्ये महोत्सव 13 ते 17 डिसेंबरला झाला, 2024 मध्ये 18 ते 22 डिसेंबरला आणि 2025 मध्ये 10 ते 14 डिसेंबरला. अंदाजाने तिकिटे काढली तर आठवड्याने चुकण्याचीच शक्यता अधिक. रेल्वेने 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली, म्हणजे डिसेंबरच्या प्रवासाचे आरक्षण ऑक्टोबरात सुरू होते. पुण्यात नोकरी करणारी आमच्याकडची मुले एवढी आहेत की उशिरा गेलेल्याच्या हाती प्रतीक्षा यादीच येते. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च 2020 पासून बंद असल्याने आमच्यातल्या दोघांना पूर्ण भाडे पडते. तारीख चुकून तिकीट रद्द करावे लागले तर त्यातही खोट बसते.

तारखांइतकीच दिवसवार कलाकारांची यादीही महत्त्वाची आहे. पं. भीमसेन जोशी यांनी 1953 मध्ये गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पुढे रात्र-रात्र चालणाऱ्या मैफिलींच्या आठवणी जुने श्रोते अजून सांगतात. ध्वनिक्षेपकांवर रात्री 10 नंतर निर्बंध आल्यापासून ते दिवस संपले. अलीकडे शनिवारचे सत्र तेवढे विशेष सवलतीमुळे मध्यरात्री 12 पर्यंत चालते. मालकंस किंवा दरबारीसारखा रात्रीचा राग ऐन वेळेला ऐकायचा असेल तर शनिवार सोडून चालत नाही, आणि रविवारी दुपारी 12 ला सुरुवात होत असल्याने सारंग या दुपारच्या रागाचा एखादा प्रकार कानी पडण्याची आशा असते. कोण कधी गाणार हे ठाऊक असेल तर ज्याला दोनच दिवस निघता येते, त्यालाही आपले दोन दिवस निवडता येतात.

मागे एका शनिवारी आमचे तबलजी भारतीय बैठकीत माझ्या शेजारी बसले होते. स्वेटरच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले होते. वेचणीने चिरा पडलेल्या बोटांनी ते गुडघ्यावर विलंबित एकतालाच्या मात्रा मोजत होते आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवताना मागच्या आसनावरच्या आजींशी त्यांची नजर मिळत होती. गाणे संपल्यावर आजींनी विचारले, ‘‘कुठून आलात?’’ गाव ऐकून त्यांनी पिशवीतली तिळाची वडी पुढे केली.

राहण्याचा प्रश्न आम्हाला फारसा पडत नाही. गावातली मुले पिंपरीकडे खोली करून राहतात, आणि सप्टेंबर 2024 अखेरीस स्वारगेटपर्यंत मेट्रो आल्यापासून महोत्सवाचे मुकुंदनगरचे मैदान त्यांच्या खोलीपासून पूर्वीइतके लांब वाटत नाही. शनिवारी मध्यरात्री मात्र रिक्षावाल्याशी घासाघीस अटळ. सकाळचा वेळ मोकळा असतो, तो राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्ये पाहण्यात छान जातो. रविवारी परतीची गाडी रात्रीचीच असल्याने अखेरपर्यंत बसायचे की स्टेशन गाठायचे, यावरून आमच्यात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी गाडी जिंकते.

नागपुरातही चांगले संगीत महोत्सव होतात आणि आम्ही तेथेही जातो, पण म्हणून पुण्याची ओढ कमी होत नाही. आपणास विनंती एवढीच, की सवाईच्याच नव्हे तर राज्यातील सर्व मोठ्या संगीत महोत्सवांच्या तारखा, आणि जाहीर होताच दिवसवार यादी व तिकीट विक्रीची माहिती, पुणे आवृत्तीबरोबरच विदर्भ आवृत्तीतही द्यावी. आयोजकांनीही निदान तारखा तरी सप्टेंबरअखेरपर्यंत जाहीर कराव्यात. कोपऱ्यातली चार ओळींची चौकट आम्हाला पुरे आहे. ती वेळेवर आली तर आरक्षण सुरू होईल त्या सकाळी 8 वाजता आम्ही चौघे धामणगावच्या खिडकीवर रांगेत असू.

आपला,
एक वाचक, धामणगाव रेल्वे तालुका, जि. अमरावती